आजाराचा आकडा कोणाच्या मालकीचा?

पाकटाच्या काट्याला अमेरिकेत एक कोड आहे : टी६३.५११ए. पाकटाचं विष, चुकून लागलेलं, रुग्ण पहिल्यांदाच दाखवायला आलेला, एवढं सगळं त्या सात अक्षर-आकड्यांत बसतं. वाशीच्या क्लासात पुस्तक चाळताना तो मला सापडला आणि हसू फुटलं. आमच्या दिवाळे गावात पाकट लागला की कोड कोण बघतो? सोसेल तेवढ्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, दात-ओठ खायचे आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. बाबांचं मी हेच पाहिलंय. घरी आयला कोड दाखवला तर तिने भलतंच विचारलं, “आनी यो आकडा कनाचा गो? सरकारचा?”

मेडिकल कोडिंगमध्ये इतकी वर्षं काढल्यावर सांगते, प्रश्न भलता नव्हता. या धंद्याच्या इतिहासातली सगळी भांडणं त्याच प्रश्नावरून झालीत.

धंदा आमच्याकडे कसा आला, ते आधी थोडक्यात. सिडको १९७० साली आली. जमिनी गेल्या, खाडी तेवढी उरली. पुढे ठाणे-बेलापूर रोडवर कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या पिढीतल्या शिकलेल्या पोरी मासळीची पाटी न उचलता कंपनीच्या कॅबमध्ये बसल्या. काम सांगायला सोपं आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरने लिहिलेला कागद वाचायचा, आजाराला एक कोड लावायचा, उपचाराला दुसरा. त्या दोन कोडांवर तिथली विमा कंपनी बिल चुकवते. १ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकेने आजारांची जुनी यादी टाकून नवी घेतली, तेव्हा सुमारे १४ हजार कोडांचे एका रात्रीत ६८ हजारांच्या वर झाले. पाकट त्यातच आला. साधा मासा चावला तर वेगळा कोड, माशाचा फटका बसला तर वेगळा. ही यादी करणारा कधी होडीत बसला असेल असं मला वाटत नाही, पण काम मात्र कोळ्याला पटेल असं चोख केलंय.

आजारांची यादी जन्मली ती बिनमालकीची. पॅरिस शहराच्या आकडेवारी खात्याचे प्रमुख जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मृत्यूच्या कारणांचं एक वर्गीकरण मांडलं, शिकागोच्या परिषदेत. माणूस कशाने मेला हे प्रत्येक शहर आपापल्या शब्दांत लिहीत होतं, त्यामुळे तुलना होत नव्हती. तीनच वर्षांनी मुंबईत प्लेग शिरला आणि मेलेल्यांची नोंद हा सरकारचा रोजचा घोर झाला. १९०० मध्ये पॅरिसला यादीची पहिली सुधारणा झाली. १९४८ मध्ये सहावी सुधारणा जागतिक आरोग्य संघटनेच्या हाती गेली आणि मरणाच्या कारणांबरोबर नुसते आजारही तिच्यात आले. आज आपल्याकडे रुग्णालयात माणूस गेला की डॉक्टर नमुना ४ भरतात, घरी गेला तर ४-अ. त्या नमुन्यावरचं कारण पुढे याच यादीच्या कोडात जातं. तेव्हा आयला अर्धं उत्तर देता येतं : हा आकडा सरकारांचा, सगळ्यांचा मिळून.

मालकी शिरली ती उपचारांच्या कोडांत. अमेरिकन मेडिकल असोसिएशन ही तिथल्या डॉक्टरांची संघटना. तिने १९६६ मध्ये उपचारांच्या कोडांचं पुस्तक काढलं, सीपीटी नावाचं. नावही नोंदवलं, मजकुराचे हक्कही राखले. १९८३ मध्ये तिथल्या सरकारने म्हाताऱ्या माणसांच्या सरकारी विम्यासाठी तेच कोड सक्तीचे केले. संघटनेने सरकारला परवाना फुकट दिला, पण एका अटीवर : दुसऱ्या कुणाचे कोड वापरायचे नाहीत. म्हणजे कायद्याने जे वापरावंच लागतं, ते छापायला मात्र एका खाजगी संघटनेची परवानगी! एक प्रकाशक कोर्टात गेला. १९९७ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला तो दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा. कोड कायद्यात आले म्हणून मजकुराचा हक्क बुडत नाही. पण ‘दुसऱ्याचं वापरू नका’ ही अट म्हणजे त्या हक्काचा गैरवापर. परवाना पद्धत आजही चालू आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्याही कंपनीत त्या वर्षाचं पुस्तक किंवा त्याचं परवान्याचं सॉफ्टवेअर असतंच.

कोड लावणाऱ्या माणसांवरही सभासदत्वाचा नियम आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत निघालेली एएपीसी ही संस्था सीपीसी नावाची परीक्षा घेते. पास झालात म्हणून ती तीन अक्षरं जन्माची तुमची होत नाहीत. सभासदत्व चालू ठेवावं लागतं, दर दोन वर्षांनी ३६ गुणांचं शिक्षण दाखवावं लागतं, आणि अनुभव नसेल तर अक्षरांमागे शिकाऊपणाचा ‘ए’ चिकटतो. वर्गणी डॉलरमध्ये, पगार रुपयांत. बाळंतपणासाठी घरी बसलेली पोरगी आधी पाळण्याचा खर्च बघते, मग वर्गणीचा.

शब्दांची गोष्ट त्याहून मोठी. आजारांची यादी ढोबळ असते. डॉक्टरच्या डोक्यातलं सगळं तिच्यात मावत नाही. म्हणून अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या कॉलेजने १९६५ पासून एक शब्दसंग्रह वाढवत नेला, त्याचं पुढे स्नोमेड झालं. इकडे इंग्लंडात जेम्स रीड या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरसाठी स्वतःचे कोड रचले होते, ते तिथल्या सरकारने विकत घेतले. २००२ मध्ये दोन्ही एकत्र करून स्नोमेड सीटी निघालं. उच्च रक्तदाब घ्या. जागतिक यादीत तो आय१० एवढाच. स्नोमेडमध्ये त्याचा क्रमांक ३८३४१००३, आणि त्याच्याखाली त्याच्या सगळ्या जाती-पोटजाती नातेवाइकांसारख्या जोडलेल्या. हे वापरायला अमेरिकेच्या सरकारने २००३ मध्ये पाच वर्षांच्या करारासाठी ३ कोटी २४ लाख डॉलर मोजले. आपल्याच देशातल्या कॉलेजला! इतर देशांनी हे बघितलं आणि २००७ मध्ये नऊ देशांनी मिळून संस्था काढली, तिने त्या कॉलेजकडून सगळे हक्क घेतले. नियम साधा ठेवला. सभासद होतो तो देश, वर्गणी देशाच्या ऐपतीप्रमाणे, आणि त्या देशातल्या वापरणाऱ्याला फी नाही.

भारत २०१४ मध्ये सभासद झाला. देशातलं केंद्र पुण्यात, सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेत बसवलं. आमच्या बेलापुरात, खारघर स्टेशनासमोर, सी-डॅकचीच मुंबईची शाखा आहे. तिच्यावरून रिक्षाने जाताना आतल्या लोकांचं आपल्या कामाशी काही नातं असेल असं मला कधी सुचलंही नव्हतं. केंद्र सरकारने २०१३ मध्ये रुग्णांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींची मानकं जाहीर केली, २०१६ मध्ये सुधारली. त्यात स्नोमेड आहे, एक्स-रे आणि सीटी-स्कॅनच्या चित्रांसाठी डायकॉम आहे, प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी लॉइंक आहे. सगळी नावं परदेशात नोंदवलेली. डायकॉम हे तर अमेरिकेतल्या विजेची उपकरणं बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या मालकीचं नाव, कारण एक्स-रेची यंत्रं तेच बनवत.

एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला ही माहिती द्यायची कशी, हे ठरवणारी संस्था एचएल७, १९८७ची. कितीतरी वर्षं तिची मानकं सभासदांना नाहीतर पैसे भरणाऱ्यांना मिळत. २०१२ मध्ये तिने ती फुकट करायचं जाहीर केलं, पुढच्या वर्षी केलीही. त्याच सुमाराला मेलबर्नच्या ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी सुरू केलेलं फायर नावाचं नवं मानक तिथे वाढत होतं. त्याचा मजकूर कुणीही घ्यावा, विचारूसुद्धा नये. पण नाव आणि ज्योतीचं चिन्ह नोंदलेलं आहे. ‘आमचं सॉफ्टवेअर फायर वापरतं’ असं नोंदणीची खूण लावून म्हणा, हरकत नाही. तेच नाव आपल्या मालाच्या नावात घालायचं किंवा ज्योत आपल्या डब्यावर छापायची, तर लेखी परवानगी हवी.

ऑफिसात नवी मुलं यावर कुरकुरतात, की फुकट म्हणता आणि परवानगी कसली मागता? मला यात काही वावगं वाटत नाही. आमच्याकडे समुद्र कुणाच्या बापाचा नाही, पण बोटीवर रंगवलेला नोंदणीचा नंबर दुसऱ्याने रंगवला तर पोलीस येतात, आणि डिझेलचा परतावा सोसायटीच्या सभासदालाच मिळतो. मानकात स्वतःला हवा तो बदल करून वर तेच नाव लावलं, तर वाशीच्या कॉम्प्युटरने पाठवलेला रिपोर्ट पनवेलच्या कॉम्प्युटरला वाचता येणार नाही, आणि मधे रुग्ण फाईल घेऊन उभा. नावावर पहारा हवाच. राग यायचाच तर तो १९८३च्या त्या अटीचा यावा.

आपल्याकडे २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि १४ आकड्यांचा आभा क्रमांक आला. आयचाही काढला. त्या क्रमांकाखाली जे रिपोर्ट एका दवाखान्यातून दुसऱ्यात जातात, ते फायरच्या साच्यात जातात, आणि तो साचा भारतासाठी पुण्याच्या त्याच सी-डॅकने बसवून दिलाय.

एक गोष्ट मात्र सारखी दिसते. छोट्या दवाखान्यांची सॉफ्टवेअरं करणारी मुलं अजून आजारांच्या घरगुती याद्या बनवतात. एकात ‘बीपी’, दुसऱ्यात ‘हाय बीपी’, तिसऱ्यात नुसतं ‘रक्तदाब’. विचारलं तर म्हणतात, स्नोमेड महाग असेल. तसं नाही. पुण्याच्या केंद्राकडे नोंदणी करायची, परवाना घ्यायचा, कुठे वापरता ते कळवायचं. परवाना फुकट आहे म्हणून तो न घेता वापरायचं मात्र चालत नाही. भारतातल्या औषधांचा वेगळा संचही तिथूनच मिळतो. तेव्हा बेलापूर-नेरुळ-पनवेलमध्ये दवाखान्यासाठी सॉफ्टवेअर घेणाऱ्या डॉक्टरांना विनंती : विकणाऱ्याला किंमत विचाराल तेव्हा परवाना घेतलाय का, हेही विचारा. देशाची वर्गणी आपल्याच करातून भरली जाते.