चोआ चू कांगचे कब्रस्थान आणि एक जुना समुद्र

आमचे थोरले बंधू नोकरीनिमित्त सिंगापूरला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. वारले तेव्हा चोआ चू कांगच्या यहुदी कब्रस्थानात त्यांना माती दिली. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुतण्याचा फोन आला. म्हणाला, "काका, पंधरा वर्षं भरत आली. पप्पांची कबर आता उघडावी लागेल. आई रोज रडते. तुम्ही या."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिंगापूर हा देश बृहन्मुंबईहून थोडाच मोठा आहे. मुडद्यांना जागा द्यावी तर जिवंतांना पुरत नाही. म्हणून १९९८ साली तिथल्या सरकारने नियम केला, की कबर पंधरा वर्षे राहील, मग उघडली जाईल. ज्यांच्या धर्माला दहन चालते त्यांच्या अस्थी दहन होतात. ज्यांच्यात पुरणेच आवश्यक आहे, त्यांचे अवशेष लहान कबरीत पुन्हा पुरतात. देशात नवे दफन होते ते आता चोआ चू कांगलाच. चिनी, मुसलमान, ख्रिस्ती, हिंदू, पारशी, बहाई आणि आपण, सगळे एकाच रस्त्याच्या आजूबाजूला. २०१७ साली तर शेजारच्या तेंगा विमानतळाच्या वाढीसाठी तिथल्या ८०,५०० चिनी आणि मुसलमान कबरी टप्प्याटप्प्याने हलवण्याचे जाहीर झाले.

आपल्या धर्मात मयताला एकदा माती दिली की हलवू नये, हे लहानपणापासून ऐकलेले. काय चालते आणि काय नाही ते रब्बींनी सांगायचे, आणि वहिनींना ते त्यांनी सांगितले. मी त्यात पडणार नाही. मी भूगोलाचा मास्तर. मी तिथे उभा राहिलो तेव्हा जे पाहिले आणि परत आल्यावर जे वाचले, तेवढेच इथे लिहितो.

पहिली गोष्ट दिसली ती माती. लालभडक, अगदी अलिबाग-मुरुडच्या जांभ्यासारखी. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, आपल्या गावचीच वाटते ना?" वाटते खरी, पण गावची नव्हे. भरपूर पाऊस आणि ऊन असलेल्या मुलखात खडक कुजतो, बाकीचे क्षार वाहून जातात आणि लोखंडाचा गंज मागे राहतो. त्यामुळे रंग सारखा. खालचा खडक मात्र अगदी वेगळा. कोकणात खाली काळा कातळ आहे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. चोआ चू कांगच्या वस्तीखाली ग्रॅनाइट आहे, आणि तिथून पश्चिमेकडे जावे तसतसे जुरोंगचे थर लागतात. हे थर वाळूचे, चिखलाचे, गोट्यांचे आणि ज्वालामुखीच्या राखेचे. पाण्यात बसत बसत त्यांचा दगड झाला. त्यांतल्या एका प्रकाराला जुन्या नकाशात ‘तेंगा’ हेच नाव आहे.

इथे कधी समुद्र होता हे प्रथम शिंपल्यांनी सांगितले. जे. बी. स्क्रिव्हनर हे मलाया संस्थानांचे सरकारी भूगर्भतज्ज्ञ. त्यांना सिंगापूर बंदराजवळच्या माउंट गथ्री टेकडीत शिंपल्यांचे ठसे सापडले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले आर. बी. न्यूटन यांनी १९०६ साली ‘जिऑलॉजिकल मॅगझिन’मध्ये त्यांचे वर्णन छापले. पुढे अभ्यास वाढला तसे जुरोंगचे खडक मुख्यतः ट्रायासिक काळातले, म्हणजे वीस कोटी वर्षांहून जुने, असे ठरत गेले.

या थरांमध्ये चुनखडकही आहे. त्याला पांदान हे नाव आहे. गंमत अशी की हा खडक जमिनीवर कुठे उघडा दिसत नाही. उष्ण दमट हवेत चुनखडक विरघळून जातो. बोअर मारली तेव्हाच तो हाती आला. इंजिनियर मंडळी त्याला वचकून असतात, कारण त्यात पाण्याने पोखरलेल्या पोकळ्या असतात आणि भुयार खणताना त्या अचानक समोर येतात. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे आणि सिंगापूरचे बांधकाम खाते यांनी मिळून अशा खोल बोअरमधल्या दगडांच्या कांड्या तपासल्या आणि २०१९ साली या थरांची नव्याने मांडणी केली. जुरोंग बेटाखाली त्याच थरांच्या कुटुंबात, जमिनीपासून १३० मीटर खोल, तेलसाठ्यासाठी गुहा खोदल्या आहेत. त्या २०१४ साली सुरू झाल्या.

चुनखडक होतो कसा, हे वर्गात मी असे सांगत असे. समुद्र उथळ हवा, पाणी उबदार हवे, तळापर्यंत ऊन पोचायला हवे आणि नदीचा गाळ फार नको. अशा पाण्यात शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव पाण्यातला चुना घेऊन आपले घर बांधतात. जीव मरतो, घर तळाशी पडते. त्यावर दुसरे पडते. हजारो पिढ्यांची घरे दबून, चिकटून दगड होतो. म्हणजे चुनखडक हे एक कब्रस्थानच. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा साधा नियम निकोलस स्टेनो याने १६६९ साली मांडला. घरातल्या वर्तमानपत्रांच्या रद्दीसारखेच हे आहे. सर्वांत जुना अंक तळाशी. रद्दी कोणी उलथीपालथी केली असेल तर मात्र हिशेब चुकतो, आणि जुरोंगचे थर पुढच्या काळात चांगलेच वाकले आणि दुमडले आहेत.

आता आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी गोष्ट. तो समुद्र कोणता? ऑस्ट्रियाचे एडुआर्ड झ्युस यांनी १८९३ साली एका नाहीशा झालेल्या महासागराला टेथिस हे नाव दिले. तो पूर्व-पश्चिम पसरलेला होता. त्याची जुनी पूर्वेकडची शाखा ट्रायासिक काळात मिटत होती, आणि मिटता मिटता तिच्या काठाशी जुरोंगचे थर साचले. त्याच काळात त्या जलपसाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, दक्षिण किनाऱ्यावर, एक उथळ समुद्र कधी पुढे येत होता, कधी मागे हटत होता. ती जागा आज आपल्या नेगेवमध्ये आहे.

दिमोना, येरुहाम, बेरशेबा इथे राहणाऱ्या आपल्या लोकांनी मख्तेश रामोन पाहिले नसेल असे होणार नाही. सहल म्हणून जातो, कड्यावरून फोटो काढतो आणि परत येतो. ते सुमारे ४० किलोमीटर लांब आहे, आणि पाण्याने वरचे थर कोरून काढल्यामुळे तळाचे जुने थर तिथे उघडे पडले आहेत. तळाशी ट्रायासिकचा चुनखडक आहे. त्याला सहारोनिम हे नाव आहे. त्यात सेराटाइट नावाच्या गुंडाळलेल्या शंखांचे आणि समुद्रात पोहणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे अवशेष मिळतात. त्या प्राण्यांवर हिब्रू विद्यापीठाच्या गेओर्ग हास यांनी काम केले. दक्षिणेकडच्या भिंतीत मोठमोठे अमोनाइट दिसतात. ते फार नंतरचे, क्रेटेशस काळाचे. म्हणजे जो काळ सिंगापुरात बोअर मारून शोधावा लागतो, तो नेगेवमध्ये उन्हात उघडा पडलेला आहे.

त्या वेळी आपले कोकण कुठे होते? भारत तेव्हा दूर दक्षिणेला मोठ्या खंडाला चिकटलेला होता, आणि नवगावच्या किनाऱ्याचा काळा कातळ तर अजून जन्मायचा होता. कोकणच्या कातळात समुद्राचे शिंपले शोधायला जाऊ नये, तो आगीतून आलेला आहे. महाराष्ट्रात चुनखडक आहे तो चंद्रपूर-यवतमाळकडे, सिमेंटच्या कारखान्यांना लागणारा. तो शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर येण्याआधीचा, त्यामुळे त्यातही शिंपला नाही. आमच्या लहानपणी किनाऱ्यावरचे शिंपले भट्टीत भाजून चुना करीत आणि त्याच चुन्याने घरे सारवीत. दगडच नव्हता, म्हणून शिंपल्यांकडून थेट घ्यायचा.

इथे कोणी विचारील, की आपल्या पंचांगात जग निर्माण होऊन सहा हजार वर्षेही झाली नाहीत, मग ही कोट्यवधी वर्षे कुठून आणता? प्रश्न खोटा नाही, आणि त्याला घाबरण्याचेही कारण नाही. परमेश्वराने या जगाआधी जगे निर्माण केली आणि मोडली, असे एक वचन मिद्राशात फार पूर्वीपासून आहे. मिश्नावरच्या ‘तिफेरेत इस्राएल’ या भाष्याचे कर्ते रब्बी इस्राएल लिपशिट्झ यांनी १८४२ सालच्या एका प्रवचनात, जमिनीत सापडणाऱ्या प्रचंड प्राण्यांच्या हाडांचा आधार घेऊन, याच वचनाचा अर्थ सांगितला. डार्विनचे पुस्तक निघण्याच्या सतरा वर्षे आधीची ही गोष्ट. सगळ्या रब्बींना हे मान्य आहे असे नाही. पण दगड पाहणे हा अधर्म नाही, एवढे मला पुरते.

आता पुन्हा कबरीकडे येतो. कबर उघडायच्या आदल्या रात्री वहिनींनी मला विचारले, "भाऊजी, हाडं उचलून छोट्या जागेत ठेवायची, हे आपल्या लोकांनी कधी केलंय का हो?" मला एकदम यरुशलेमच्या म्युझियममधल्या दगडी पेट्या आठवल्या. दुसऱ्या मंदिराच्या शेवटच्या काळात, सन ७० च्या विध्वंसापर्यंत, यरुशलेमचे लोक मयताला गुहेत ठेवीत आणि सुमारे वर्षाने हाडे गोळा करून दगडी पेटीत घालीत. हाडे गोळा करण्याचा उल्लेख मिश्नातही आहे. पेटीची लांबी मांडीच्या हाडाएवढी, कारण तेच सर्वांत लांब. त्यावर नाव कोरीत, अमक्याचा मुलगा अमका. त्या पेट्या बहुतेक मऊ चुनखडकाच्या, म्हणजे त्या टेथिस समुद्रातल्याच जीवांच्या घरांच्या. हे मी वहिनींना सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे नवं काही करत नाही आपण." त्या रात्री त्या झोपल्या.

चोआ चू कांगच्या यहुदी कब्रस्थानालाही हलण्याची सवय आहे. बगदादी यहुदी सिंगापुरात आले ते १८३० च्या दशकापासून. त्यांचे पहिले कब्रस्थान ऑर्चर्ड रोडजवळ होते. १९८० च्या दशकात तिथे धोबी घाट स्टेशन झाले (हिंदुस्थानी धोब्यांवरून पडलेले नाव) आणि जुन्या कबरी चोआ चू कांगला आल्या. त्यांच्या १८७८ सालच्या सिनेगॉगचे नाव मागेन आबोथ. आमच्या अलिबागच्या सिनेगॉगचेही तेच. दादा तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरची पाटी वाचून त्यांनी आईला पत्र लिहिले होते, की मी घरीच आलो आहे.

दुसऱ्या दिवशी काद्दिश झाल्यावर मी बेरशेबाच्या अंगणातून नेलेला चुनखडकाचा एक खडा नव्या लहान कबरीवर ठेवला. पुतण्याने तिथलाच एक तांबूस दगड ठेवला. त्या पावसात माझा खडा हळूहळू विरघळेल. विरघळू दे.

शेवटी एक विनंती. ज्यांचे आप्त परदेशात किंवा कोकणातल्या दूरच्या कब्रस्थानात आहेत, त्यांनी मयताचे हिब्रू नाव, वडिलांचे नाव, तारीख, कबरीचा क्रमांक आणि दगडावरचा सगळा मजकूर एका कागदावर उतरवून ठेवावा, आणि त्याची एक प्रत मुलांकडे द्यावी. दादांच्या बाबतीत हा कागद वहिनींच्या डब्यात होता, म्हणून नव्या दगडावर नाव बिनचूक आले. शेजारच्या एका कबरीचा असा कागद कोणाकडेच नव्हता.