हलणारा दात

"आजी, माझा दात हलायलाय."

पूर्णा स्टेशनावर गाडी बदलताना तेरा वर्षांच्या नातीनं हे हळूच सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तारा बसवून दोन महिने झाले होते. परभणीच्या दवाखान्यात तार बदलून आम्ही वसमतला परत चाललो होतो. माझ्या पिढीला हलणाऱ्या दाताचा एकच अर्थ माहीत आहे, तो आता जाणार. मी तिथूनच डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "थोडा हलणारच, आजी. हाडातली पकड सैल झाल्याशिवाय तो सरकणार कसा?"

ते उत्तर डोक्यातून जाईना. हललेला दात जागेवर येऊ शकतो, हे आमच्या भागाला कळायला किती काळ लागला ते मी माझ्या आयुष्यातच पाहिलं आहे.

मी वाढले वसमत तालुक्यातल्या एका खेड्यात. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. १ मे १९९९ ला तो परभणीतून वेगळा झाला. दुधाचा दात पडला की माय तो शेणाच्या गोळीत घालून माळवदावर फेकायला लावायची. कायमचा दात दुखला की लवंग धरायची, तुरटीच्या गुळण्या करायच्या. तेवढ्यानं भागलं नाही तर बाजाराच्या दिवशी वैदूपुढं जाऊन बसायचं. त्याच्या फडक्यावर झाडपाल्याच्या पुड्या असायच्या आणि एक पक्कड. गावाला दाताचं हत्यार तेवढंच ठाऊक होतं.

वेडेवाकडे दात हा आजार नव्हताच, ते नशीब होतं. माझे वरचे दात पुढं होते. शाळेत पोरं "दातरी" म्हणायची. माय रोज रात्री ते अंगठ्यानं आत दाबायला सांगायची. बघायला पाहुणे आले की मी ओठ मिटून बसायचे. पुढं शिक्षिका झाले, तरी वर्गात हसू आलं की पदर तोंडाशी जायचा.

मायचा तो अंगठा भाबडा नव्हता, हे मला म्हातारपणी कळलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सेल्ससनं आपल्या वैद्यकग्रंथात मुलाचा नवा दात रोज बोटानं जागेकडे ढकलायला सांगितलं आहे. पण बोट घटकाभर दाबतं, तार रात्रंदिवस दाबत राहते. १९०४ च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल सँडस्टेड यांनी कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून दाखवलं की दाब पडतो त्या बाजूचं हाड विरतं आणि दुसऱ्या बाजूला नवं हाड भरत जातं. दात अशी हाडातून वाट काढतो, महिन्याला साधारण एक मिलिमीटर. म्हणूनच दीड-दोन वर्षं लागतात.

ही विद्या आमच्या दारी उशिरा आली. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कोलकात्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं १९३३ साली निघालं. आम्ही तेव्हा निजामाच्या मुलखात होतो. मार्च १९४८ मध्ये दंतवैद्यकाचा कायदा झाला तेव्हाही मराठवाडा मुक्त व्हायचा होता. तो दिवस १७ सप्टेंबरला उजाडला. त्या कायद्यातसुद्धा पदवी नसलेल्या, पण पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणाऱ्यांसाठी नोंदवहीचा वेगळा भाग ठेवलेला होता. दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांची भारतीय संघटना १९६५ साली झाली. त्या वर्षी मी पहिलीत होते आणि माझ्या आईबापांनी असा डॉक्टर असतो हे ऐकलंही नव्हतं. पुढं औरंगाबाद, नांदेड, लातूर, परभणी इथं दंत महाविद्यालयं झाली आणि तिथं शिकलेल्या मुलामुलींच्या पाट्या तालुक्याच्या गावांतही दिसू लागल्या.

पहिल्यांदा तारा बसवणाऱ्यांना मी सांगते, पहिल्या दिवशी तारा बसत नाहीत. आधी दातांचे साचे, फोटो, जबड्याचे एक्स-रे होतात. मग मागच्या दाढांच्या फटीत रबराच्या बारीक रिंगा घालतात. चार-पाच दिवस दाढेत काहीतरी अडकल्यासारखं वाटत राहतं. झालेल्या फटीतून दाढेला धातूचं कडं बसतं. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १८९९ साली दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून तीन वर्ग पाडले. नातीच्या कागदावर आजही त्यांचाच "क्लास टू" लिहिलेला आहे. त्यांच्या काळी तारा सोन्याच्या असत. पुढच्या दातांवर नुसती चकती चिकटवण्याची वाट १९५५ साली मोकळी झाली. धातूवर रंग धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल लावत. मायकेल ब्युनोकोर यांनी तेच दाताला लावून पाहिलं. पृष्ठभाग खरखरीत झाला आणि चिकटवलेलं धरून राहिलं. नातीच्या दातांना जेल लावलं, धुतलं, ब्रॅकेट टेकवलं, वर निळा प्रकाश धरला. यातलं काही दुखलं नाही.

त्याआधी तिच्या दोन उपदाढा काढायचं ठरलं, तेव्हा मात्र मी अडून बसले. धडधाकट दात उपटायचा म्हणजे पुन्हा वैदूची पक्कडच. मग ऑस्ट्रेलियातल्या पी. आर. बेग यांच्याविषयी वाचलं. आपल्याकडच्या महाविद्यालयांतही त्यांची पद्धत अनेक वर्षं शिकवली गेली. तिथल्या आदिवासींचे दात भरड, रेतीमिश्रित अन्नानं वरून आणि कडेनंही झिजत आणि त्यामुळं जबड्यात जागा होई, असं त्यांनी १९५४ साली मांडलं. मऊ अन्नावर वाढलेल्यांना ती जागा करून द्यावी लागते, असं त्यांचं म्हणणं. सगळे तज्ज्ञ ते मानत नाहीत. मला मात्र माझी आजी दिसली. जात्यावरच्या ज्वारीची भाकरी खाऊन तिच्या दाढा पाट्यासारख्या सपाट झाल्या होत्या. मी होकार दिला.

दुखणं घरी आल्यावर सुरू झालं, चार-सहा तासांनी. दुसरा दिवस सगळ्यात वाईट. मी ज्वारीच्या कण्या शिजवल्या, ताकात मऊ भात कालवला, भाकरी वरणात कुस्करली. चौथ्या दिवशी ती नीट जेवली. गाल सोलवटला तिथं चकतीवर मेण लावलं. ऊस, हुरडा, फुटाणे बंद. उसाच्या गावात हे पाळणं लेकरांना जड जातं. एकदा तिनं कांडं सोललंच आणि चकती निघाली. प्रत्येक जेवणानंतर ब्रश हवाच, तारेखालून जाणारा बारीक ब्रशसुद्धा. नाहीतर तारा निघाल्यावर चकत्यांभोवती पांढरे डाग राहतात. आणि तारा निघाल्या तरी रिटेनर लावावा लागतो. दाताला जुन्या जागेची ओढ असते आणि नवं हाड पक्कं व्हायला वेळ लागतो.

त्या दिवशी पूर्णेला गाडी येईपर्यंत मी नातीला वैदूची आणि मायच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. ती जिभेनं दात चाचपत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "आजी, तुझे दात कुणीच सरळ केले नाहीत?"

"तेव्हा काढायला येत होतं, बाळा," मी म्हटलं, "हलवायला कुणाला येत नव्हतं."