सायकल, दिवा आणि दंड

इतिहास म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि सनदा उभ्या राहतात. आणि कायद्याचा इतिहास म्हटला की उच्च न्यायालयांचे जाडजूड निवाडे. परंतु सामान्य माणसाची आणि सरकारची गाठ यांपैकी कोठेच पडत नाही. ती पडते चौकात. दिवेलागण झालेली असते, मनुष्य कामावरून घरी परतत असतो, सायकलीला दिवा नसतो, आणि अंधारातून एक हात आडवा येतो. त्या घटकेला त्या माणसापुरते सरकार म्हणजे तो हात आणि न्याय म्हणजे त्यानंतर हाती पडणारा कागद. बेळगाव-निपाणीच्या आमच्या सीमाभागात या हाताचा आणि या कागदाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. यास्तव हा अल्प प्रयत्न.

प्रारंभ १८८८ सालापासून करणे उचित होईल. त्या वर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लोखंडी नांगर, किर्लोस्करवाडी आणि पुढचा सारा उद्योगविस्तार अजून भविष्याच्या पोटात होता. सायकल विकावयाची आणि विकत घेणाऱ्याला ती चालवावयास शिकवावयाची, असा तो दुहेरी व्यवसाय होता. ज्या रस्त्यावर हे दुकान होते त्यास आज किर्लोस्कर रोड म्हणतात. योगायोग असा, की त्याच वर्षी डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटाने सायकल म्हणजे कायद्याच्या दृष्टीने काय, या प्रश्नाचा कायमचा निकाल लावला.

हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नव्हता. इंग्लंडचा हमरस्त्यांचा कायदा १८३५ सालचा. तो लिहिला गेला तेव्हा सायकल अस्तित्वातच नव्हती. त्या कायद्यान्वये बेफाम गाडी हाकणे हा गुन्हा होता. पुढे एक सायकलस्वार भरधाव जाताना पकडला गेला, तेव्हा त्याच्या वतीने युक्तिवाद झाला की ज्यास घोडा नाही, बैल नाही, ते यंत्र गाडी कसे म्हणावे? १८७९ साली टेलर विरुद्ध गुडविन या खटल्यात क्वीन्स बेंच न्यायालयाने हा बचाव अमान्य केला आणि सायकल ही त्या कलमापुरती गाडीच होय असे ठरविले. १८८८ च्या स्थानिक राज्यकारभाराच्या कायद्याच्या ८५ व्या कलमाने हेच तत्त्व सर्वत्र लागू केले, आणि त्याबरोबर दोन कर्तव्ये सायकलस्वाराच्या माथी आली : सूर्यास्तानंतर तासाभराने दिवा लावावयाचा, आणि कोणास ओलांडून जाताना घंटी वा अन्य आवाजाने सूचना द्यावयाची. आमच्या गल्लीबोळांतून पुढे पाऊणशे वर्षे ज्या दिव्यापायी माणसे दंड भरीत आली, त्याचा कुळवृत्तान्त हा असा आहे.

मात्र या तत्त्वाचा एक लाभही होता, आणि तो विसरू नये. सायकलीस गाडी म्हटले की तिच्यावर बंधने येतात हे खरे. पण रस्त्यावर चालण्याचा गाडीचा हक्कही तिला मिळतो. ज्यास कर्तव्य नाही त्यास हक्कही नाही, हे कायद्याचे जुने सूत्र येथे चाकांवर फिरताना दिसते.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेच्या २७९ व्या कलमाची भाषा दूरदर्शी होती. सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही वाहन हयगयीने चालविणे अथवा तशी स्वारी करणे, असे शब्द तेथे होते. त्यांत सायकल आपसूक बसली. पण हे कलम जीविताला धोका निर्माण करणाऱ्यासाठी. बिनदिव्याच्या बापड्यासाठी निराळी योजना लागली, आणि ती मुंबई इलाख्याच्या १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्याखालील रहदारीच्या नियमांतून झाली. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने नगरपालिकांना वाहनांवर कर बसविण्याची मुभा दिली होती. त्या करातून सायकलीचा कर आला आणि करासोबत पत्र्याचा बिल्ला आला. आमच्या आजोबांच्या लाकडी पेटीत असा एक बिल्ला अद्याप आहे. गंजाने त्यावरील आकडा खाल्ला आहे, भोक मात्र शाबूत आहे. सायकल विकली, बिल्ला राहिला.

यात बेळगावची गंमत निराळीच होती. शहर नगरपालिकेचे, शेजारचा कँप छावणी मंडळाचा, आणि रेल्वेच्या रुळांपलीकडचे शहापूर तर ब्रिटिशांचे नव्हेच, ते सांगली संस्थानचे. आज कपिलेश्वर उड्डाणपुलावरून पाच मिनिटांत शहापुरात उतरणाऱ्या तरुणास सांगून खरे वाटणार नाही, की त्याचा पणजा त्याच वाटेने जाताना एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात शिरत होता. साडी विणून बेळगावच्या पेठेत आणणारा शहापूरचा विणकर दिवसातून दोनदा सरहद्द ओलांडीत असे. निपाणीची तीच कथा. निपाणी ब्रिटिश मुलखात, आणि कोगनोळीच्या पुढे लागणारे कागल कोल्हापूर संस्थानात. १९४८ साली सांगली आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई प्रांतात विलीन झाले. तेव्हा या वाटांवरची रेघ प्रथमच पुसली गेली. कागल, निपाणी, बेळगाव, शहापूर या सर्वांस एकच शासन मिळाले, आणि १९५१ साली एकच मुंबई पोलीस कायदाही. ही स्थिती १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत टिकली. निपाणीच्या सायकलस्वाराला आपल्या रस्त्यावर सरहद्द नसल्याचा अनुभव अवघी साडेसात वर्षे मिळाला, एवढे इतिहासाला सांगता येते.

याच काळात सायकल श्रीमंताच्या ओसरीवरून उतरून गरिबाच्या दारात आली. १९४९ साली मद्रासेत टी. आय. सायकल्स, १९५१ साली सोनिपतला अॅटलस, १९५६ साली लुधियान्यात हीरो, असे कारखाने उभे राहिले आणि देशी सायकल कामकऱ्याच्या आवाक्यात आली. येळ्ळूर, उचगाव, कंग्राळी, कडोलीहून दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे शहरात शिरणारे दूधवाले, वडगावचे विणकर, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींतील हमाल, शाळामास्तर, कारकून, सारे सायकलीवर आले. मोटार वाहनांचा कायदा १९३९ सालीच झाला होता; परंतु यंत्रशक्तीने चालणारे वाहन अशी त्याची व्याख्या असल्याने पायाने चालणारी सायकल त्यातून सुटली. तिचा कारभार पोलीस कायद्याकडेच राहिला. त्या कायद्याच्या ३३ व्या कलमात रहदारीचे नियम ज्यांच्याकरिता करावयाचे त्यांत स्वार, गाडीवान, पादचारी यांच्या जोडीने सायकलस्वारांचा स्पष्ट निर्देश आहे, आणि दिव्यांची संख्या, जागा व वेळ ठरविण्याचा अधिकारही तेथेच आहे.

गुन्हे ठरलेले असत : दिवा नसणे, डबलसीट बसणे, डावी बाजू सोडणे. बचावही ठरलेले असत. शिपाई दिसताच मागचा उडी मारून उतरे आणि पुढचा सायकल हातात धरून चालू लागे. जो सायकल ढकलीत चालला आहे तो तिच्यावर स्वार नाही, हा मुद्दा कोणत्याही पदवीवाचून आमच्या आजोबांच्या पिढीस अवगत होता. शिपायाकडेही एक अलिखित शिक्षा होती : चाकाची हवा सोडावयाची, किंवा व्हॉल्व्ह काढून खिशात टाकावयाचा. कोर्टाचा हेलपाटा वाचला म्हणून लोक ती निमूटपणे सोशीत. कायद्याच्या कोणत्याही कलमात अशी शिक्षा सापडत नाही. सोयीची म्हणून स्वीकारलेली बेकायदा शिक्षा कायदेशीर दंडापेक्षा स्वस्त पडते, आणि म्हणूनच ती अधिक घातक. तीमुळे शिपायाला कलमाची आणि नागरिकाला हक्काची सवय राहत नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. मुंबईचा पोलीस कायदा येथे आणखी काही वर्षे चालला, नंतर म्हैसूरचा १९६३ चा पोलीस कायदा त्याच्या जागी आला. दोन्हींतील रहदारीची कलमे ताडून पाहिली तर फरक अगदी थोडा. दिवा तोच, डावी बाजू तीच. पालटली ती कागदाची भाषा. १९६३ च्याच राजभाषा कायद्याने कन्नड ही राज्याची भाषा ठरली, आणि हळूहळू छापील नमुने, नोटिसा, समन्से तिच्यात आली. राज्याने आपला कारभार आपल्या भाषेत करावा यात गैर काही नाही. आम्ही स्वतः कन्नड शिकलो आणि त्या भाषेचे ऋण मानतो. प्रश्न आहे तो ज्याला तो कागद मिळतो त्याचा.

येथे आमच्या वकिलीच्या आरंभीच्या दिवसांतील एक प्रसंग सांगितला पाहिजे. पंचाहत्तरीच्या घरातील एक दूधवाले मामा शेतीच्या वाटणीचे कागद घेऊन आमच्याकडे आले. त्या बाडात घडीवर जीर्ण झालेला एक चतकोर कागद होता. आम्ही तो बाजूस ठेवू लागलो तेव्हा ते म्हणाले, ‘‘वकीलसाहेब, तेवढा वाचून दाखवा की. बिनदिव्याचा दंड भरला होता कवातरी. चाळीस वर्सं झाली, कुणाला दाखवायला लाज वाटली.’’ कागद कन्नडमध्ये होता. आम्ही वाचला. त्यात दिव्याचा उल्लेखच नव्हता. डावी बाजू सोडून सायकल चालविल्याबद्दल तो दंड होता. मामा बराच वेळ गप्प राहिले. मग हसून म्हणाले, ‘‘आणि मी त्याच आठवड्यात उसनं काढून डायनामो बसविला!’’

दंड कशासाठी? माणूस सुधारावा, रस्ता निर्धोक व्हावा, यासाठी. या मनुष्याने दंड भरला, कर्ज काढून दिवा बसविला, आणि ज्या चुकीसाठी शिक्षा झाली ती चूक, तिचा पत्ताच नसल्याने, तो कदाचित पुढेही करीत राहिला. कोषागारात रक्कम जमा झाली. कायदा मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

यावर कोणी म्हणेल की कायद्यात तरतुदी आहेत. आहेत खऱ्या. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २४२ वे कलम होते, १९७३ च्या संहितेत २५१ वे : आरोपीस गुन्ह्याचा तपशील सांगावा. आरोपीस न कळणाऱ्या भाषेत पुरावा झाल्यास तो त्याला कळेल अशा भाषेत समजावून द्यावा, हेही दोन्ही संहितांत होते, आणि २०२३ च्या नव्या संहितेनेही ही तत्त्वे राखली आहेत. परंतु मेख अशी की दुभाष्याचा हक्क पुरावा सुरू झाल्यावर जागा होतो, आणि सायकलस्वाराच्या खटल्यात पुरावा होतच नाही. एक दिवसाची मजुरी बुडवून आलेला मनुष्य ‘कबूल’ म्हणून मोकळा होतो. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकास राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिला. उत्तर कोणत्या भाषेत यावे याविषयी तो अनुच्छेद मौन पाळतो. १९५६ च्या केंद्रीय ज्ञापनात, जेथे भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या नोटिसा व नियम त्यांच्याही भाषेत प्रसिद्ध करावेत अशी शिफारस झाली. पण शिफारशीवर दावा लावता येत नाही. मराठीची ही गत, तर गोव्याहून येऊन बेळगावात रुजलेल्या कोंकणी माणसाची काय कथा? त्याच्या भाषेस आठव्या परिशिष्टात जागा मिळाली तीच मुळी १९९२ साली.

पोलिसाची बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. ऊस भरलेल्या ट्रकांच्या ओळीत, राष्ट्रीय महामार्गावर, काळ्या घोंगडीत गुरफटलेला बिनदिव्याचा सायकलस्वार दिसत नाही, हे सत्य आहे. आणि त्याला अडविणारा शिपाई बहुधा त्याचा प्राणच वाचवीत असतो. दिव्याचा नियम रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच, की नियम जितका रास्त, तितका तो समजावून सांगण्याचा भार अधिक. ज्या शिपायाने ‘‘मामा, डाव्या अंगानं जावा’’ असे चार शब्दांत सांगितले असते, त्याने त्या चतकोर कागदापेक्षा मोठे काम केले असते. आणि आमच्या अनुभवास येते की सीमाभागातले अनेक कन्नड शिपाई आजही असे सांगतात, मोडक्यातोडक्या का होईना, पण मराठीत.

आज सायकली विरळ झाल्या. २०१९ साली वाढलेले मोठमोठे दंड मोटार वाहनांसाठी आहेत. सायकल आजही त्या व्याख्येबाहेर, जुन्या पोलीस कायद्याच्या छायेत आहे. तिच्यावर उरले आहेत ते शाळकरी पोरे, बांधकामावरचे मजूर आणि काही म्हातारे, म्हणजे पुन्हा तेच, ज्यांना कागद वाचून दाखवावा लागतो. सीमेचा दावा महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला आहे. त्याचा न्याय तेथे व्हावयाचा तो होईल. पण तुझा अपराध काय हे माणसाला त्याच्या भाषेत सांगण्यासाठी कोणत्याही निवाड्याची वाट पाहावी लागत नाही.

मामांचा तो कागद आम्ही त्यांना परत देऊ केला. त्यांनी घेतला नाही. तो आता आजोबांच्या बिल्ल्याशेजारी, त्याच लाकडी पेटीत आहे.