पंतसचिवांच्या मुलखातल्या आपण सचिव

मी वरवे बुद्रुकहून बोलतेय.

आपल्या प्रत्येक बचत गटात एक सचिव असते. बैठकीत काय ठरलं ते ती लिहिते, कुणाचं किती येणं आहे ते सांगते. हा ‘सचिव’ शब्द आपल्या भोर-वेल्ह्याच्या मुलखात फार जुना आहे. आज त्या शब्दाची आणि त्याच्या मागून आलेल्या कॉमर्सच्या शिक्षणाची गोष्ट सांगते.

१६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. तेव्हा अष्टप्रधानांतल्या सुरनीसाला ‘सचिव’ हे नाव मिळालं. राजाची पत्रं तपासून मजकूर शुद्ध करायचा आणि महाल-परगण्यांचे हिशोब पाहायचे, हे त्याचं काम. पुढे राजाराम महाराजांनी शंकराजी नारायण यांना सचिवपद दिलं. १६९७ पासून त्यांच्या घराण्याकडे आपला मुलूख आला आणि पंतसचिवांचं भोर संस्थान उभं राहिलं. ८ मार्च १९४८ ला ते मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे अडीचशे वर्षं इथले राजेच सचिव म्हणून ओळखले जात. लिहिण्याला आणि हिशोबाला एवढा मान होता!

पण लेखणी मोजक्या घरांतच राहिली, आणि तीही पुरुषांच्या हाती. गावाचं दप्तर कुलकर्ण्याकडे, तेही मोडी लिपीत. शेतकऱ्यानं नुसता अंगठा द्यायचा. न वाचता येणारा माणूस लिहिणाऱ्याच्या तावडीत कसा सापडतो, हे महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडलं. त्याआधीच, १८४८ मध्ये, शिरवळजवळच्या नायगावच्या सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली होती. कुलकर्णी वतन मात्र कायद्यानं रद्द व्हायला १९५० साल उजाडलं.

हिशोबाचं शिक्षण कॉलेजात मिळू लागलं ते १९१३ साली, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात. पुण्यात बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ ला निघालं. पण भोरच्या खेड्यातल्या मुलीला पुण्यात ठेवून शिकवायची ऐपत आणि तयारी किती घरांत होती?

खरा फरक पडला तो १९७५ च्या सुमारास. दहावी, मग दोन वर्षं, मग पदवीची तीन वर्षं अशी रचना आली. अकरावी-बारावीचे वर्ग हायस्कुलालाच जोडता येऊ लागले. त्यांना आपण ज्युनिअर कॉलेज म्हणतो. सायन्सला प्रयोगशाळा लागते. कॉमर्सला शिक्षक, फळा आणि वही एवढ्यावर भागतं. त्यामुळे लहान ठिकाणीही हे वर्ग चालवणं जमण्यासारखं झालं.

तिथं मुली काय शिकतात? पुस्तपालनात कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद. हे जुन्या दप्तरातलेच शब्द! आणखी एका विषयाचं नाव ‘चिटणिसाची कार्यपद्धती’. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी. त्यांच्या पदाचं नाव आज आपल्या लेकींच्या पुस्तकावर आहे. सभेची सूचना कशी काढायची, इतिवृत्त कसं लिहायचं, पत्र कसं पाठवायचं, हे त्यात असतं. आपल्या गटाचं काम याहून वेगळं काय आहे?

हेच शिक्षण घेऊन कुणी कॉलेजच्या ऑफिसात लागतं. लहान कॉलेजात एखाद-दुसरा क्लार्क आणि शिपाई, एवढ्यावर सगळा गाडा. प्रवेश, फीच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाचे फॉर्म, शाळा सोडल्याचा दाखला. दाखल्यावर नावाचं एक अक्षर चुकलं तर पोरीला पुढे वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात. म्हणून हे काम हलकं समजू नका. १९९४ च्या महिला धोरणानं सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के जागा राखल्या आणि क्लार्कच्या खुर्चीची वाट थोडी मोकळी झाली. मात्र त्या खुर्चीसाठी टायपिंग लागतं. मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द. नुसती बारावी पुरत नाही. लेकीला कॉमर्सला घालताना हे लक्षात ठेवा.

आता आपल्याकडे वळूया. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेशी जोडायला सुरुवात केली. आपली पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: बैठक, बचत, कर्ज, परतफेड आणि नोंदी. पहिल्या चार गोष्टी आपण नेटानं करतो. पाचवीला मात्र काही गटांत वही कुणाच्या तरी मालकांकडे नाहीतर पोराकडे जाते. वही अर्धवट राहिली की बँकेत कर्जाचं अडतं. शिवाय आपला पैसा किती, हे दुसऱ्यानं सांगावं लागतं. म्हणजे अंगठ्याचेच दिवस की!

आणि त्याच घरात बारावी कॉमर्स झालेली सून भाकरी थापत असते. तिला कुणी विचारलेलंच नसतं.

तर या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. वाडीत कॉमर्स शिकलेल्या लेकी-सुना कोण आहेत, त्यांची नावं काढा. त्यांच्यातल्या एकीला वही द्या. लिहिलेलं तिनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी आपापल्या पासबुकाशी ताडून पाहायचं. जमाखर्च कसा मांडायचा ते तिच्याकडून आणखी दोघींनी शिकून घ्या, म्हणजे ती माहेरी गेली तरी वही अडणार नाही.

पंतसचिवांचं पद वंशपरंपरेनं चालत आलं. आपल्या गटाची सचिव शिकून होते आणि दुसरीला शिकवते.