कोरोना माणसांना झाला, मग पोल्ट्री आणि दूधधंदा का कोसळला?

फेब्रुवारी २०२०. भारतात कोरोनाचे मोजकेच रुग्ण होते, लॉकडाऊनचा पत्ताही नव्हता. तरीही महाराष्ट्रात चिकनचे भाव गडगडले. कारण होतं व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज: 'चिकन खाल्ल्याने कोरोना होतो.'

या दाव्याला कोणताही आधार नव्हता. पशुसंवर्धन विभागाने तसा खुलासाही केला. पण तोवर गिऱ्हाईक तुटलं होतं. काही शेतकऱ्यांनी कोंबड्या फुकट वाटल्या, तर काहींनी खड्डे खणून पुरल्या.

विक्री थांबवून वाट का पाहता आली नाही?

कारखाना बंद ठेवता येतो, गोठा आणि शेड नाही. ब्रॉयलर कोंबडी साधारण ४० ते ४५ दिवसांत विक्रीला तयार होते. त्यानंतरही ती रोज खाद्य खातेच, आणि खाद्य हाच पोल्ट्रीतला सर्वांत मोठा खर्च. म्हणजे माल पडून राहिला की तोटा दिवसागणिक वाढतो.

कोंबडीच्या खाद्यात मुख्यतः मका असतो. त्यामुळे फटका मका पिकवणाऱ्यांनाही बसला. हमीभाव क्विंटलला १७६० रुपये असताना बाजारात मका त्याहून स्वस्तात विकावा लागला.

दुधाचं काय झालं?

गायी-म्हशींची धार दिवसातून दोनदा काढावीच लागते. २५ मार्चपासून लॉकडाऊन लागला. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, मिठाईची दुकानं बंद झाली आणि दूध उरू लागलं. राज्य सरकारने रोज १० लाख लिटर दूध २५ रुपये दराने घेऊन त्याची भुकटी करायचं ठरवलं. तरीही भाव सावरले नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादकांनी दरवाढीसाठी आंदोलनं केली.

याचा आपल्या ताटाशी काय संबंध?

तोट्यात गेलेल्या शेतकऱ्यांनी पिल्लांची नवी बॅच टाकलीच नाही. परिणामी मे महिन्यात मागणी परतली तेव्हा माल कमी होता आणि चिकन महागलं. आधी शेतकरी बुडाला, मग ग्राहकाच्या खिशाला चाट बसली.

याच काळात केंद्र सरकारने सुमारे ८० कोटी लोकांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मोफत देण्याची योजना आणली. सोबत सुरुवातीला कुटुंबामागे १ किलो डाळ होती. त्यातून पोट भरण्याची सोय झाली. दूध आणि अंडी मात्र या योजनेत नव्हती, ती ज्याच्या हातात पैसे होते त्यालाच परवडली.

अन्नसुरक्षा म्हणजे फक्त भरलेली गोदामं नव्हेत. गहू-तांदूळ महिनोन्‌महिने साठवता येतो. दूध काही तासांत नासतं, तयार कोंबडी काही दिवसांत विकावी लागते. म्हणून पुढच्या साथीत पोषण टिकवायचं असेल, तर धान्याइतकाच विचार शीतगृहांचा, भुकटी प्रकल्पांचा आणि पशुखाद्याच्या वाहतुकीचा करावा लागेल. आणि खात्री न केलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी थांबावं लागेल.