नळीचा व्यास

बंदुकीच्या नळीचा व्यास हा कारागिराच्या विचाराचा विषय, असे कोणालाही वाटेल. हिंदुस्थानात मात्र तो दीर्घकाळ सरकारच्या विचाराचा विषय होता. दांडी मागे ओढावी, काडतूस आत घ्यावे, दांडी पुढे लोटून बंद करावी, अशा एकाच घडणीची रायफल शिपायाच्या हाती एका व्यासाची असे, शिकाऱ्याच्या हाती दुसऱ्या, आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्याच्या हाती तिसऱ्याच.

लॉर्ड लिटनच्या अमदानीत १८७८ साली शस्त्रांचा कायदा झाला. एतद्देशीयांना परवाना आवश्यक, युरोपियनांना मात्र सूट, हा त्यातील भेद राष्ट्रीय सभेला प्रारंभापासून सलत होता. पुढे १८९५ मध्ये ली-एनफील्ड रायफल आली. तिचा व्यास .३०३ इंच, बोलण्यात ती ‘थ्री नॉट थ्री’. हे लष्करी व्यासाचे हत्यार खाजगी माणसाला मिळू नये, असा निर्बंध पडला. सरकारी कोठारातून काडतुसे चोरीस गेली, तरी ती घालायला बाहेर बंदूक असू नये, विशेषतः वायव्य सरहद्दीवर असू नये, हा हेतू. सत्तावन्नचा धसका घेतलेल्या राज्यकर्त्यांना हे सुचले यात नवल नाही.

विलायतेतील कारखानदारांनी त्यावर तोड काढली. ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीचे आठ मिलिमीटरचे काडतूस त्यांनी ली-एनफील्डच्या सांगाड्याला जुळवून घेतले आणि .३१५ बोअरची शिकारी रायफल हिंदुस्थानात विकावयास आणली. दोन्ही व्यासांतील फरक इंचाच्या हजार भागांपैकी अवघा बारा भाग, म्हणजे माणसाच्या तीन-चार केसांच्या जाडीइतका! पण काडतुसाच्या टोपणाचा आकारही वेगळा असल्याने एकाचे दुसऱ्यात चालत नसे. तेवढ्यावर कायद्याचे समाधान झाले.

याहून विलक्षण प्रकार हुगळीकाठच्या इशापूर येथील रायफल कारखान्यात घडला. तेथे लष्करी रायफलींच्या नळ्यांतील पिळाच्या खाचा कोरून काढल्या, नळी आतून गुळगुळीत केली, व्यास .४१० इंचांपर्यंत वाढवला आणि काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवला. दहा गोळ्या पाठोपाठ झाडणारे हत्यार एकेक काडतूस हाताने भरण्याचे झाले. .३०३च्याच टोपणाचे तोंड आवळल्याविना सरळ ठेवून त्याचे काडतूस बनवीत. ही बंदूक पोलिसांना व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना देण्यात आली. दूरवर नेम धरण्याची तिची शक्ती जाणूनबुजून काढून घेतलेली होती. रायफल सुधारण्यासाठी कारागीर खपतात हे जगात सर्वत्र दिसते. ती बिघडवण्यासाठी इतकी कुशलता क्वचितच खर्ची पडली असेल.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा नवा शस्त्र कायदा आणि १९६२ चे नियम आले. राज्य बदलले, तरी ‘निषिद्ध बोअर’ ही कल्पना राहिली आणि .३०३ त्यात राहिली. इशापूर .३१५ची शिकारी रायफल बनवीत राहिले. तिची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या, १८६९ साली स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात तयार होत. नागपूर-रायपूरकडच्या रानांत शिकारीचे परवाने निघत, तोवर या काडतुसाला शिकारी गिऱ्हाईक होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो काळ संपवला. रायपूर-बिलासपूर मार्गावरील सिलतऱ्यास आज लोखंडाच्या कारखान्यांची गर्दी आहे.

इकडे सैन्यालाही व्यास बदलावा लागला. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात आपले जवान थ्री नॉट थ्री घेऊनच हिमालयात लढले. त्यानंतर इशापूरने त्याच जुन्या घडणीची रायफल ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी नव्याने घडवली. नव्या काडतुसाचा दाब अधिक, म्हणून पोलादही अधिक चिवट घेतले. पेटीचा आकार बदलला. स्वयंभरणी रायफली पुरेशा नव्हत्या, तोपर्यंतची ही सोय. पुढे ही रायफल पोलिसांकडे गेली.

आणि .३०३? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत स्वयंचलित बंदुका घेतलेल्या हल्लेखोरांसमोर उभ्या राहिलेल्या काही पोलिसांच्या हाती तीच होती. उलट प्रजेच्या हाती निर्धास्तपणे देण्यासाठी निवडलेले .३१५चे काडतूस उत्तर हिंदुस्थानातील चोरट्या कारागिरांनी उचलले. पोलिसांच्या पंचनाम्यांत गावठी कट्ट्याबरोबर ‘तीनशे पंधरा बोअर’ हे शब्द वारंवार येतात.