तरंगमबाडीचा मुक्काम

तंजावरहून कुंभकोणममार्गे सुमारे १०० किलोमीटर गेले की कोरोमांडल किनाऱ्यावरील तरंगमबाडी लागते. सरस्वतीमहाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते पाहून आमची मंडळी तेथे थांबली, ती केवळ दुपारच्या विश्रांतीसाठी. परंतु मराठी मुद्रणाच्या अभ्यासकाने हे गाव असे ओलांडून जाणे योग्य नव्हे.

१६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाने ही जागा डॅनिश व्यापाऱ्यांना दिली. त्यांचा डान्सबोर्ग किल्ला अद्याप समुद्रासमोर उभा आहे. १७०६ मध्ये येथे उतरलेला जर्मन धर्मप्रचारक त्सीगेनबाल्ग काही महिने याच किल्ल्यात कैदेत होता. १७१२ मध्ये त्याच्या मिशनला मुद्रणयंत्र मिळाले. जर्मनीतील हाले येथून आलेले तमिळ खिळे फार मोठे आणि कागद तर दुर्मिळ. म्हणून लहान खिळे येथेच ओतण्यात आले. त्यासाठी इंग्लंडहून आलेल्या चीजच्या डब्यांचे शिसे वितळवले, असे सांगतात. १७१५ मध्ये तमिळ ‘नवा करार’ छापून पूर्ण झाला. शेजारच्या पोरैयार गावी मिशनने कागदाची गिरणीही काढली. आम्ही त्या गावात घटकाभर विचारपूस केली. गिरणीची जागा मात्र कोणी दाखवू शकले नाही.

हा सारा उद्योग चालला तो तंजावरच्या भोसल्यांच्या राज्याला लागून. १७५० मध्ये तरंगमबाडीस आलेला श्वार्त्झ पुढे दुसऱ्या सरफोजीचा शिक्षक झाला. याच सरफोजीने तंजावरात देवनागरी मुद्रणालय काढले आणि तेथे १८०६ मध्ये इसापच्या कथांचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ छापला गेला. तरंगमबाडीचे तमिळ खिळे येथे निरुपयोगी होते, हे उघडच आहे. आली ती छापील पुस्तकाविषयीची आस्था; ती गुरूकडून आली, असे मानण्यास मला प्रत्यवाय वाटत नाही.

आमचे वाङ्मयेतिहास तंजावरला बहुधा एखादी ओळ देतात आणि लगेच मुंबईकडे वळतात. मराठी मुलांच्या हाती देता येईल असे छापील पुस्तक तमिळ मुलुखात निघाले, ही गोष्ट एका ओळीत मावणारी नाही. त्याआधी एकच वर्ष, १८०५ मध्ये, विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूरला छापले गेले होते. आणि श्रीरामपूरही तेव्हा डॅनिश वसाहतच होती. १८४५ मध्ये डेन्मार्कने तरंगमबाडी आणि श्रीरामपूर ही दोन्ही ठाणी एकाच व्यवहारात, साडेबारा लाख रुपयांना, ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकली.